भोंग्याच्या तोंडात मी

मित्रांनो, मी एक जुने माउथगार्ड आहे. मुष्टियोद्धे दात आणि जबडा वाचवण्यासाठी तोंडात धरतात ना, तेच. आता माझ्या मधोमध चीर गेली आहे आणि कडेला एक काळपट डाग आहे. तो रक्ताचा आहे. कितीही घासला तरी गेला नाही.

जन्मले मी कारखान्यात, पण मला आकार आला एका स्वयंपाकघरात. उकळत्या पाण्यात बुडून मी लोण्यासारखे मऊ झाले, तेव्हा ताईने मला आपल्या धाकट्या भावाच्या वरच्या दातांवर दाबून बसवले. "चाव! अजून जोरात. आणि देवाशपथ, घटकाभर तरी गप्प बस," ती म्हणाली. त्याला सगळे भोंगा म्हणत. तो तिचा भाऊ होता आणि शिष्यही. त्याचा सराव तीच घेई.

भोंग्याचे ठोसे चांगले होते, पण त्याच्या जिभेला हाड नव्हते. पंचांची पाठ फिरली की तो मला जिभेने गालाकडे सारायचा, समोरच्याच्या वर्मावर नेमके बोट ठेवायचा आणि लगेच मला पुन्हा दातांखाली घट्ट धरायचा. एकाला म्हणाला, "काय रे, जेवून नाही आलास? ठोशात जीवच नाही!" दुसऱ्याचे नाक फुटून रक्त हनुवटीवर ओघळत होते. त्याला म्हणाला, "पूस, पूस. आई बघतेय तुझी." अशाने माणसाच्या तळपायाची आग मस्तकात जाते. हात वेडेवाकडे फिरतात, हनुवटी वर येते. भोंगा तेवढ्याचीच वाट पाहायचा. त्याचा डावा हात बरगडीत घुसायचा, उजवा तोंडावर. हाड मोडल्याचा आवाज मी फार जवळून ऐकला आहे, मित्रांनो. ओल्या कापडात गुंडाळलेली काटकी मोडावी, तसा असतो तो.

लोक टाळ्या पिटायचे. ताई मला नळाखाली धुवायची, पुसून डबीत ठेवायची आणि मी आपले फुशारून जाई.

मग ती लढत आली. जो जिंकेल तो देशाच्या संघात जाणार होता. त्यासाठी भोंग्याने आजवर रक्ताचे पाणी केले होते. समोर होता एक वेल्डर, मनगटांवर ठिणग्यांचे डाग असलेला, एका लहान मुलीचा बाप. लहानपणी तापात त्याचे कान गेले होते. घंटा ऐकू येत नसे, म्हणून त्याच्यासाठी कोपऱ्यात लाल दिवा बसवला होता.

कपडे बदलायच्या खोलीत ताई भावाच्या मुठीवर पट्टी गुंडाळत होती. "आज तुझी बडबड बंद. त्याला ऐकूच येत नाही. नुसतं लढ."

"ओठ वाचतो म्हणे तो."

"मग?"

"मग काय, सावकाश बोलेन. तोंड चांगलं मोठं उघडून. लहान पोरांना शिकवतात ना, तसं."

"अरे, वेड लागलंय का तुला?"

तो हसला आणि मला तोंडात घातले.

वेल्डरचे ठोसे घणासारखे पडत होते. भोंग्याची भुवई फाटली. त्यानेही वेल्डरचा ओठ चिरला, एक डोळा सुजवून बंद केला. पण बोलण्याचा काही असर होईना. जबडा ताणून "ब-हि-ऱ्या" म्हटले, तरी वेल्डर शांतपणे बघत राहिला. बाकीचे मुष्टियोद्धे समोरच्याच्या खांद्यांवर नजर ठेवतात. हा माणूस आयुष्यभर ओठांकडे बघत आला होता. ते हलू लागले की दात सुटतात, हे त्याने हेरले.

शेवटच्या फेरीत गुण बरोबरीत होते. "दात मिट! मिट रे राजा!" ताई ओरडत होती. भोंग्याने मला गालाकडे सारले आणि एकेक शब्द सुटा करत तो म्हणाला, "तुझी मुलगी... बाबा... म्हणते... तेव्हा..."

पुढचा शब्द आलाच नाही. ठोसा आला.

दात मिटलेले असते तर तो मार मी अंगावर घेतला असता, साऱ्या दातांत वाटून दिला असता. पण मी गालात होते आणि जबडा सैल लोंबत होता. तो दोन जागी मोडला. दाताचा एक तुकडा, तोंडभर रक्त आणि मी, सगळे एकदमच बाहेर पडलो. धावत आलेल्या पंचांच्या बुटाखाली मला चीर गेली. ताई "देवा!" म्हणून किंचाळली.

संघात वेल्डर गेला. डॉक्टरांनी भोंग्याचे दात तारांनी बांधले आणि ताईला बाजूला घेऊन सांगितले, "या जबड्यानं आता एकही ठोसा खायचा नाही. कधीच."

ती मला मुठीत धरून खाटेशेजारी बसली होती, तेव्हा दारात वेल्डर दिसला. भोंग्याने तोंड भिंतीकडे फिरवले. बऱ्याच वेळाने परत वळवले. आवाज फुटेना, नुसते सुजलेले ओठ हलले.

ताई पुढे झुकली. "काय रे? पाणी हवंय?"

"पाणी नाही," वेल्डर आपल्या मोठ्या, सपाट आवाजात म्हणाला. "माफ कर म्हणतोय."

त्याने स्टूल ओढले. "तू विचारत होतास ना? मुलगी दोन्ही हातांनी माझं तोंड धरते, स्वतःकडे वळवते आणि मग बाबा म्हणते. मला कळतं."

भोंग्याच्या डोळ्यांतून पाणी कानशिलांवर ओघळले. ताईने मला इतके घट्ट आवळले की तिच्या तळव्यावर दातांचे ठसे उठले.

मित्रांनो, भोंग्याचा जबडा पूर्वीसारखा जुळला नाही, त्यामुळे मी आता त्याच्या दातांनाही बसत नाही. माझे काम संपले. तुमची जीभ देवाने दिली आहे, तिच्याबद्दल मी काय सांगणार? एवढेच सांगते, की लढायला उतराल तेव्हा मनापासून लढा आणि माझ्यासारख्याला दातांखाली घट्ट धरा. तेवढा वेळ तोंड आपोआप मिटलेले राहते.