पाळण्याच्या कडीला टांगलेला आकडा

मित्रांनो, मी एक जुना आकडा आहे, आणि बोलायला बसलोच आहे तर आधी गाऱ्हाणं सांगतो. या घरच्या सुनेने, उज्वलाने, मला विचारलं नाही, सासूला विचारलं नाही. कपाटावरचं गाठोडं सोडलं, त्यातून मला काढलं आणि माझ्या टोकाला झाडाची कुंडी टांगली. ज्याने शंभर-शंभर किलोची गोण उचलली, त्याच्या नशिबी चार पानांचं झाड! तुमच्या घरी आजोबांच्या फेट्यात कोणी लसूण बांधून ठेवतं का?

आकडा म्हणजे तुमच्या वहीतला नव्हे. मी हमालाच्या हातातला आकडा. जावळीकडच्या एका लोहाराने मोटारीच्या स्प्रिंगच्या मोडक्या पाट्यातून मला घडवलं. तापवलं, ठोकलं, वाकवलं, पाण्यात बुडवलं. बाभळीची मूठ बसवली. उज्वलाच्या सासऱ्यांनी, हौसेरावांनी, मला कमरेला खोचून मुंबईला आणलं, आणि कांदा-बटाट्याचा बाजार खाडी ओलांडून वाशीला आला तेव्हा आम्हीही आलो. कोपरखैरण्याला घर मिळालं. रोज पहाटे मी त्यांच्या मुठीत असायचो.

माझं काम साधं वाटतं, पण ते कुणालाही जमत नाही. गोणीला टोचायचं, कांद्याला नाही. हौसेरावांच्या हातून कांदा कधी चिरला नाही. गोण उचलायच्या आधी ते खालून तळवा लावून पाहत. ओली गोण त्यांना हातालाच कळायची. "ही आतून गेली," म्हणायचे आणि बाजूला सारायचे. व्यापारी नावाजत. मी फुगायचो. माझा स्वभाव थोडा चढेल आहे, आणि जीभही बरी नाही. हौसेरावांच्या बायकोच्या, बाळाबाईच्या घरात इतकी वर्षं काढली, तिचीच लागण झाली असेल.

मग उज्वलाला दिवस गेले. हौसेरावांनी स्वतः स्टुलावर चढून, गॅलरीच्या दाराशी, छताला लोखंडी कडी बसवली. पाळण्यासाठी. दोन्ही हातांनी लोंबकळून पाहिली. "माझं वजन पेललं, मग नातवाचं काय घेऊन बसलीस," असं बाळाबाईला म्हणाले. ती म्हणाली, "खाली उतरा आदी. पोराच्या आदी तुमीच पाळण्यात जाशिला."

त्याच साली, पंच्याण्णवच्या दिवाळीनंतर, गाळ्यावर त्यांच्या छातीत कळ आली. मी त्यांच्या मुठीतून सुटून लादीवर पडलो. खण्ण असा आवाज झाला. मला काही वाटलं नाही. लोखंड आहे मी. टोळीतल्या हमालांनी मला घरी आणून दिलं. बाळाबाईने मला त्यांच्या पंच्यात बांधलं आणि कपाटावर ठेवलं. ती रडली नाही. भाकऱ्या थापत राहिली. पुढे थोड्याच दिवसांत उज्वलाचं बाळ जन्माच्या आधीच गेलं. तीही फारशी रडली नाही. दुपारभर भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. तिचा नवरा रणजीत कंपनीतून यायचा, जेवायचा, टीव्ही लावायचा. घरात आवाज असायचा तो टीव्हीचा. छताला कडी तशीच, रिकामी.

समोरच्या घरात हलिमाभाभी राहते, उरणकडची. तिने उज्वलाला मनी प्लांटची फांदी दिली. "पेरासकट कापलीय. पेर पाण्यात बुडव, मूळ तिथूनच फुटतं," म्हणाली. बाटलीतल्या पाण्यात पांढरं मूळ फुटलेलं पाहून उज्वला उठली. किती महिन्यांनी ती स्वतःहून उठली! जुनी गोण उसवून तिने सुतळी काढली, वेणी घालून शिंकं विणलं, प्लास्टिकच्या कुंडीत माती भरली. बाजारातला तारेचा हूक ओल्या कुंडीच्या ओझ्याने सरळच झाला आणि कुंडी दाणकन खाली आली. तेव्हा तिला माझी आठवण झाली. सासू काही महिन्यांसाठी गावी गेलेली होती. उज्वलाने माझी मूठ नायलॉनच्या दोरीने त्या पाळण्याच्या कडीला बांधली आणि टोकात शिंकं अडकवलं.

वेल वाढली. खाली आली, वाऱ्यावर हलू लागली. हलिमाभाभीने सांगितलं होतं, ऊन थेट नको, पाणी रोज नको, मातीत बोट घालून बघायचं. उज्वला तसंच करायची. मीही कुरकुर करत लटकत होतो.

बाळाबाई परत आली ती पिशवी हातात धरून दारातच थांबली.

"ही कुणाची अक्कल?"

"माझी, आत्या." सासूला ती आत्या म्हणते.

"हमालाच्या आकड्याला झाड! उद्या माझ्या पाट्या-वरवंट्याला घुंगरं बांध."

रणजीत म्हणाला, "आई, राहू दे ना. टेन्शन कशाला घेतेस?"

"टेन्शन तू घे. तुला तरी दुसरं काय काम हाय?"

एवढं बोलून तिने तोंडाला कुलूप लावलं. उज्वलाशी एक शब्द नाही. जिची जीभ झोपेतही चालायची, ती बाई गप्प! उज्वला ताट वाढायची, ती खायची. बस.

आणि दुपारी, सून आत पडलेली असताना, बाळाबाई स्टुलावर चढायची आणि कुंडीत तांब्याभर पाणी ओतायची. रोज. "घे. पी. बघू किती पितीस," पुटपुटायची. तिने मला सोडूनच का नेलं नाही, असं तुम्ही विचाराल. सोडलं तर सोडलेलं दिसलं असतं. झाड आपणहून मेलं की आकडा आपोआप मोकळा. हिशेब तिने बरोबर मांडला होता.

मला सगळं कळत होतं, मित्रांनो. वजन हीच माझी विद्या. कुंडी दिवसेंदिवस जड होत होती. तळाची भोकं मुळांनी बुजली होती, पाणी आतच साचत होतं. पानं पिवळी पडू लागली. उज्वलाला वाटलं, झाड तहानलंय. बोट घालून पाहायचं तिने सोडलं आणि सकाळी तीही पाणी घालू लागली. एक मारायला पाणी घालते, दुसरी जगवायला. झाडाला दोन्ही पाणी सारखंच. मला वाईट वाटलं का? नाही. मी नुसता लटकत होतो. या घरात सगळेच तसे होते.

एके दिवशी गळालेलं पान हातात घेऊन उज्वला दारात उभी होती. हलिमाभाभी म्हणाली, "अगं, दुसरी फांदी देते. रडतेस काय एवढ्यासाठी?"

"नको, भाभी. माझ्या हाताला काही जगत नाही." मग हातातलं पान दुमडत म्हणाली, "ती कडी नुसती बघवत नव्हती. म्हणून टांगलं होतं."

आत बाळाबाई मेथी निवडत होती. तिचा हात थांबला. पुन्हा चालू झाला. त्या दिवशी पानं कचऱ्यात गेली आणि देठ पातेल्यात.

दुसऱ्या दुपारी ती स्टुलावर चढली. हातात तांब्या नव्हता. तिने कुंडीखाली तळवा लावला. अगदी हौसेराव लावायचे तसा. सुतळीला ओल्या गोणीचा वास येत होता. पावसाळ्यात बाजारातून आले की हौसेरावांच्या सदऱ्याला यायचा, तोच. बाळाबाई नाक त्या सुतळीला लावून बराच वेळ उभी राहिली. रडली असेल तर मला माहीत नाही. मला फक्त वजन कळतं, आणि तिचा हात कुंडीखाली होता तोवर ते थोडं कमी झालं होतं.

"उज्वला," तिने हाक मारली. इतक्या दिवसांतली पहिली. "खाली पेपर अंथर. आतनं गेलीया ही."

दोघी जमिनीवर बसल्या. कुंडी पालथी केली. मुळं काळी, बुळबुळीत झालेली. बाळाबाईने सडलेलं सगळं विळीवर कापून टाकलं. घट्ट, हिरवी तेवढी पेरं ठेवली, बाटलीत बुडवली. मग मला दोरीतून सोडवलं, माझं टोक गॅसवर लाल केलं आणि कुंडीच्या तळाला मोठी भोकं पाडली. टोचणं हे माझंच काम. किती काळाने मी कामाला लागलो! सुतळी उन्हात घातली, मातीत नारळाचा काथ्या आणि वाळू मिसळली. मूळ फुटेपर्यंत उज्वला रोज बाटली उजेडाला धरून पाहायची. सासू म्हणायची, "बघून बघून वाढतंय व्हय?" आणि ती स्वयंपाकघरात गेली की स्वतः बघायची.

मित्रांनो, तुमच्या घरी टांगलेलं झाड असेल तर पाणी घालण्याआधी खालून तळवा लावून पाहा. हलकं लागलं तर द्या, खालून थेंब पडेपर्यंत द्या. जड लागलं तर तसंच राहू द्या. आणि जे गप्प लटकलेलं दिसतं, त्यालाही अधूनमधून हात लावत जा. बाकी उपदेश मला येत नाही.

पेरांना मुळं फुटली, कुंडीत लागली. पण उज्वलाने टांगताना मला बाजूला ठेवलं. "आत्या, आकडा गाठोड्यात ठेवते. बाजारातून जाड हूक आणीन."

बाळाबाईने मला उचललं, पदराने पुसलं. खाडीच्या वाऱ्याने माझ्यावर गंज चढला होता. तिने मला सुनेच्या हातात दिलं आणि बोलली:

"गाठोड्यात नगं. त्येला रिकामं ऱ्हायाची सवय न्हाई. पाळणा आला तर रणजीत दुसरी कडी ठोकंल, न्हाई आला तर न्हाई. ही कडी आता येलाची. आन् तू पाणी लई घालतीस. जीव लावावा, बुडवू नये. आनि एक ध्यानात ठेव, माझ्या हाताला जगत न्हाई असं पुन्यांदा म्हनलीस, तर जीभ हासडीन."