सवतीचा सब्जा

"आगं, न्हाणीपाशी काय उपटून राह्यली?" सासू नंदाबाई ओसरीवरून ओरडली.

"तुमच्या थोरल्या सुनेचा सब्जा!" झुंबरनं रोपं कचाकच उपटून उकिरड्यावर भिरकावली. मंजिऱ्या बियांनी टच्च भरल्या व्हत्या, पण रागात कुणाला भान?

निजामाच्या राज्यातली गोष्ट, रझाकार यायच्या आधीची. थोरली सगुणा दुसऱ्या बाळंतपणात गेली. सब्जाचं बी तिनंच जुन्या जालन्याच्या उरुसातून आणल्तं. मंग तिच्या नवऱ्यानं, कडूबानं, हसनाबादची झुंबर केली. तिच्या गळ्यात रिवाजापरमानं मेलेल्या सवतीच्या नावाचा चांदीचा टाक पडला. नवं लुगडं आधी टाकाला दाखवायचं, मंग आपण नेसायचं. ते बी सोसलं तिनं. पण सगुणाची चार वर्षांची तुळजी? ती झुंबरच्या हातचा घास खायची न्हाई, कुशीत निजायची न्हाई. सांज झाली की सब्जात जाऊन बसायची. लेकरू आपल्याकडं वळावं म्हणून बाईचा जीव तुटत व्हता, म्हणून तिनं सब्जा उपटला.

वळायचं कुठलं! तुळजी मोकळ्या वाफ्यात बसून रडायला लागली.

उन्हाळ्यात कडूबानं उकिरडा गाडीत भरून वावरात विस्कटला. श्रावणात झुंबर सासूसंगं खुरपायला गेली आन् बांधावरच थबकली. ज्वारीच्या तासातासात सब्जा! वारा सुटला की सगळं वावर घमघमायचं. झुंबरनं गळ्यातला टाक मुठीत गच्च धरला.

"आत्याबाई, ती वावरात आली वो!"

"येडे, बी तूच उकिरड्यावर टाकलं. खतासंगं आलं. मेलेलं माणूस पाभर हाकून पेरत न्हाई!"

खरं व्हतं. पण कळून बी भ्या जाईना. दिवसभर झुंबर ओणवी होऊन सब्जा उपटत राह्यली. "जा की गं बाई आता! एवढं लेकरू दे मला," म्हणत राह्यली.

दिवेलागणीला घरी आली, तशी ओसरीवरची तुळजी उठली. हुंगत हुंगत जवळ आली. झुंबरचा हात दोन्ही हातांनी धरून तिनं त्यात तोंड खुपसलं.

"माय," पोर म्हणाली, "लई दिवस लावले गं."

झुंबरचा दुसरा हात टाकाकडं गेला. पण पोरीनं धरलेला हात तिनं मागं घेतला न्हाई. पोर तिच्या मांडीवरच निजली.

नंदाबाईनं पाण्याचा तांब्या पुढं केला. "हात धू. भाकर खाऊन घे."

"ऱ्हाऊ द्या, आत्याबाई." झुंबरनं हात तसाच पोरीच्या नाकापाशी ठेवला. "उद्या दोन रोपं आणून न्हाणीपाशी लावते. रोज लागंल मला."