खिडकीकडे पाठ केलेलं मशीन

लोक आपला कॉम्प्युटर आतून कधी बघत नाहीत, आणि तेच बरं आहे. मी रोज बघते. केस, नखं, बिस्किटाचा चुरा, झुरळांची अख्खी खानदानं, एकदा तर वाळून कागद झालेली पाल. माणूस वरून कितीही इस्त्रीचा असो, त्याच्या डब्यात काय साठलंय ते मला विचारा. या सगळ्याची मला सवय झाली आहे. एका गोष्टीची झाली नाही, ती म्हणजे सिगारेटवाल्याचं मशीन. साधी धूळ ब्लोअर मारला की उडते. धुराची उडत नाही. ती तपकिरी, चिकट, स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्ट पंख्यावरच्या मेणचट थरासारखी बसते आणि बोट लावलं की बोटाबरोबर येते. वास दोन दिवस नाकातून जात नाही. असं मशीन मी दुकानात घेतच नाही. गिऱ्हाईक नाराज झालं तर होऊ दे.

दादाचं घ्यायचे, कारण तो माझा भाऊ. आणि आता तर त्याने सोडलीच होती.

सोडली त्याचं कारण मी. माझ्या दोन्ही किडन्या कामातून गेल्या आहेत. आठवड्यातून तीनदा डायलिसिसच्या खुर्चीत बसते, दिवसाला किती पाणी प्यायचं ते मापून पिते. दादाची किडनी मला जुळली, तेव्हा कोणी विचारायच्या आतच तो म्हणाला, दोन आहेत, एक हिची. डॉक्टरांनी एकच अट घातली. सिगारेट पूर्ण बंद. ऑपरेशनच्या आधी लघवीत निकोटिन तपासणार, सापडलं तर ऑपरेशन नाही. दादाने आईसमोर पाकीट चुरगळून केराच्या टोपलीत टाकलं. आईने ती गोष्ट सगळ्या नातेवाइकांना फोन करकरून सांगितली. त्याच आठवड्यात मी त्याचं मशीन खोलून चकचकीत केलं, प्रोसेसरवर उष्णता ओढून घेणारी नवी पेस्ट लावली. म्हटलं, आता हे घाण काम पुन्हा नशिबी नाही.

आणि चार महिन्यांनी एका रविवारी त्याचा फोन आला, की मशीन व्हिडिओ करता करता मध्येच बंद पडतंय.

दादा शाळांसाठी शिकवणीचे व्हिडिओ जोडून देतो. पडद्याच्या कोपऱ्यात तापमान दिसावं म्हणून मी त्याला एक छोटा प्रोग्रॅम टाकून दिला होता. गेले तर त्या आकड्यावर चिठ्ठी चिकटवलेली. विचारलं तर म्हणाला, तो लाल झालेला बघून जीव घाबरतो, तू फक्त आकडा कमी करून दे. ताप आला की थर्मामीटर फोडणारा माणूस. मी चिठ्ठी काढून त्याच्याच कपाळावर चिकटवली आणि वहिनी हसली.

वहिनीने चहा आणला, न सांगता अर्धाच कप. माझं माप तिला पाठ आहे. तिला सगळ्याच आकड्यांची धास्ती होती, म्हणून तिला समजावून सांगितलं. एक ओळ एकशे सत्तावीस दाखवत होती. ती खोटी, तिथे सेन्सरच जोडलेला नाही, उगाच काहीतरी फेकतंय. डिस्क ठीक, ग्राफिक्स कार्ड ठीक. प्रश्न प्रोसेसरचा होता. काही काम नसताना त्याने चाळिशीच्या आसपास असावं, हा सत्तरीच्या वर बसला होता. मी दादाचा व्हिडिओ चालू केला. आकडा नव्वद, पंच्याण्णव, मग शंभर, आणि पडदा काळा. मशीन स्वतःला वाचवायला बंद होतं, त्यात त्याची काही चूक नाही, असं मी वहिनीला म्हटलं.

माझ्या डाव्या हातात डायलिसिससाठी शीर जोडलेली आहे, त्या हाताने जड उचलायचं नसतं. दादा लगेच पुढे झाला. त्याने कॅबिनेट उचलून टेबलाच्या मधोमध ठेवलं, खाली टॉवेल अंथरला, माझ्या पाठीला उशी दिली. "भिंगरे, दमलीस तर सांग," लहानपणच्या लाडक्या नावाने म्हणाला आणि आंघोळीला गेला. माझा भाऊ प्रेमळ आहे, हे मी आजही नाकारत नाही.

मी झाकण काढलं, आणि हात मागे घेतला.

पुढचा पंखा तपकिरी. प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या कूलरच्या पात्यांमध्ये सुईला जागा नाही, सगळीकडे तोच चिकट लगदा. मी बोट लावलं आणि नाकाशी नेलं. मी स्वतः, याच खोलीत, याच टेबलावर पुसून ठेवलेली पाती होती ती. जुना मळ राहिला असेल म्हणून मनाची समजूत घालायलाही जागा नव्हती.

पण खोलीला वास नव्हता. पडद्यांना नाही, उशीला नाही. मी मघाशी कॅबिनेट जिथे होतं तिथे बघितलं. पूर्वी ते टेबलाखाली असायचं. आता खिडकीच्या कट्ट्यावर, पाठ खिडकीकडे, तोंड दादाच्या खुर्चीकडे. मला वाटलं होतं, हवा लागावी म्हणून वर घेतलंय. आता कळलं. पुढचा पंखा हवा आत ओढतो, मागचा बाहेर टाकतो. हा बाबा खुर्चीत बसून जाळीच्या तोंडावर धूर सोडत होता आणि मशीन तो ओढून खिडकीबाहेर फेकत होतं. मांजर डोळे मिटून दूध पितं ते असं. फक्त सगळा धूर बाहेर जात नाही, हे मांजराला माहीत नव्हतं.

आधी मला नुसता राग आला. व्यसन आहे, सुटत नाही, माणूस लपवतो. लपवण्याची रीत किळसवाणी होती, पण तेवढंच. तो डोकं पुसत बाहेर आला तेव्हा मी त्याला समोर बसवलं आणि हातात कापूस आणि स्पिरिट दिलं. "पुस," म्हटलं. "एकेक पातं."

त्याने आत पाहिलं. पुसायला लागला. कापसाचे बोळे काळेपिवळे होऊन बशीत साठत गेले. वहिनी आत कपड्यांच्या घड्या करत होती.

मी हळू आवाजात विचारलं, तपासणी कधी आहे ते लक्षात आहे ना. होतं. त्यात सापडलं तर ते ऑपरेशन करणार नाहीत, हे माहीत आहे ना. तेही होतं. त्याचा हात थांबला नाही, पण मान वर येईना, आणि मला एकदम सगळं लख्ख दिसलं.

"तुला तपासणीत ते सापडायलाच हवंय," मी म्हटलं.

तो एकच पातं पुसत राहिला. मग म्हणाला, "मला भीती वाटते गं. आधी बोलून बसलो. डॉक्टरच नाही म्हणाले असते तर कोणाला वाईट वाटलं नसतं."

भीती मला समजते. पोट फाडून घ्यायचं, तेही धडधाकट असताना. तो पहिल्याच दिवशी नाही म्हणाला असता तर मी त्याच्या गळ्यात पडले असते, देवाशपथ. पण याने होही म्हणून घेतलं, आईचा अभिमान घेतला, नातेवाइकांची शाबासकी घेतली, आणि मला डायलिसिसच्या खुर्चीत दिवस मोजत ठेवून रोज त्या जाळीत धूर सोडला. झाकली मूठ सव्वा लाखाची. माझ्या अंगावर काटा आला, झुरळ अंगावरून गेल्यावर येतो तसा.

मी म्हटलं, मला नको तुझी किडनी, पण हे तू स्वतः सांगायचं. वहिनीला आज, आईला उद्या.

पुसून झालं. मी नवी पेस्ट लावली, कूलर बसवला, मशीन सुरू केलं. आकडा एकोणचाळीसवर येऊन बसला. व्हिडिओ लावला तरी पासष्टच्या वर जाईना. पंख्याचा आवाज पण निवला. वहिनी धावत आली, आकडा बघून टाळी वाजवायचीच बाकी होती. म्हणाली, हिच्याशिवाय या घराचं कसं व्हायचं.

मी दादाकडे बघितलं. त्याने घसा साफ केला.

"अगं, ऐक ना," तो वहिनीला म्हणाला. "ही म्हणतेय, हिला माझी किडनी नको."

पुढे काही नाही. तेवढंच. चेहरा असा, की त्यालाच धक्का बसलाय.

वहिनी खाली बसली. मग माझ्यावर जी सुरू झाली. एवढ्या तपासण्या केल्या, माणसाने जन्माचं व्यसन सोडलं तुझ्यासाठी, आता कसला मानपान काढतेस. बोलता बोलता तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने दादाच्या खांद्यावर हात ठेवला. आणि त्याने तो ठेवू दिला. त्या हाताखाली तो मान खाली घालून बसला होता, आणि मला वाटलं, मघाचं मशीन बरं. ते निदान शंभरला बंद तरी पडतं.

मी बशी उचलली आणि वहिनीच्या हातात दिली.

"वास घे," मी म्हटलं.

तिला आधी कळलं नाही. मग तिने बशी नाकाशी नेली. मग कॅबिनेटकडे बघितलं, मग खिडकीकडे, मग खुर्चीकडे. खांद्यावरचा हात तिने काढून घेतला आणि पदराला पुसला.

"आईंना तू सांगतोस," ती त्याला म्हणाली, "की मी?"

तो काय म्हणाला ते ऐकायला मी थांबले नाही. हत्यारं पिशवीत भरली आणि निघाले. 

घरी येऊन हात साबणाने धुतले. वास गेला नाही म्हणून पुन्हा धुतले, मग भांडी घासायच्या पावडरने घासले. नळ चालू होता आणि घसा कोरडा पडला होता. माझ्या वाट्याचं पाणी दुपारीच पिऊन झालं होतं. मी नळ बंद केला.