तपासली, ठीक

मी बॅटरी बोलतेय. मोबाइलच्या पाठीवर चमकतो तो ठिपका नव्हे हं. चांगली तीन सेलची, हातात धरली की वजन जाणवणारी, पत्र्याच्या अंगाची बॅटरी. माझ्या काचेला कडेला तडा आहे आणि पाठीवर एक पोचा. माझ्या बरोबरीच्या सगळ्या कधीच भंगारात गेल्या. मी मात्र अजून नोकरीत आहे, आणि तीही कॉलेजात!

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यातला. शेवटच्या टेबलावर एका बाईनं माझ्यात सेल घातले, भिंतीवर उजेड पाडून पाहिला आणि "ही झाली पास" म्हणून मला खोक्यात ठेवलं. तेव्हा मला वाटलं, आपण उजेड पाडायचा, बास. त्या उजेडात कोण काय बघतं, त्याच्याशी आपल्याला काय करायचंय? किती भोळी होते मी!

खोकं उघडलं ते एका लष्करी छावणीत. मी एका तरुण जवानाच्या वाट्याला आले. बाविशीचा, रेघ ओढल्यासारखा सरळ उभा राहणारा पोरगा. रोज सदऱ्याच्या टोकानं माझी काच पुसायचा. एकदा सरावात तो उतारावरून घसरला आणि मी दगडावर आपटले. त्यानं आधी मला उचललं, लावून पाहिलं, आणि मग स्वतःच्या फुटलेल्या गुडघ्याकडे बघितलं. पोचा आणि तडा तेव्हाचा. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही.

पुढे त्याची नेमणूक शिधा ठेवायच्या कोठारावर झाली. कोठाराला एकही खिडकी नव्हती. तिथला नियम असा, की रोज सकाळी बॅटरी लावून बघायची आणि नोंदवहीत लिहायचं, "तपासली, ठीक." खाली सही. पहिले काही दिवस त्यानं इमानदारीनं तपासलं. मग लावून न बघताच सही करू लागला. रोज ठीकच तर असते, त्यात काय बघायचं?

पण मी ठीक नव्हते. माझे सेल उतरत चालले होते. पांढरा उजेड पिवळा झाला, पिवळ्याचा तांबूस झाला. वहीत मात्र रोज तेच दोन शब्द.

त्याच सुमारास कोठारातून दूध पावडरचे डबे नाहीसे व्हायला लागले. एका रात्री वीज गेली आणि आत डबा पडल्याचा आवाज झाला. माझ्या जवानानं धावत आत येऊन माझं बटण दाबलं. माझ्यानं झालं तेवढं मी केलं. समोर बशीएवढा मिणमिणता उजेड पडला. त्यात एक खांदा दिसला, खांद्यावर पांढरं कापड दिसलं आणि वळलेली पाठ दिसली. मागचं दार धाडकन आपटलं.

चेहरा? चेहऱ्यापर्यंत माझा उजेड पोचलाच नव्हता. आणि जे मी दाखवलंच नाही, ते त्याला दिसणार कुठून?

पण माणसाच्या मनाची एक गंमत आहे. अर्धं चित्र मिळालं की उरलेलं ते स्वतःच काढून टाकतं. छावणीच्या भटारखान्यात एक आचारी होते. सगळे त्यांना मामा म्हणायचे. त्यांच्या खांद्यावर कायम पांढरा टॉवेल असायचा. झालं, माझ्या जवानानं त्या खांद्यावर मामांचं डोकं बसवून टाकलं.

चौकशी झाली. टेबलावर मी होते आणि माझ्या शेजारी ती नोंदवही, त्या सकाळच्या पानावर उघडलेली. अधिकाऱ्यांनी सहीवर बोट ठेवून विचारलं, "उजेड पुरेसा होता?"

माझ्या जवानानं एकदा माझ्याकडे पाहिलं. नव्हता म्हणावं, तर ही सही कसली, असा प्रश्न येणार. त्याच्या कानशिलावरून घाम ओघळला.

"होता साहेब. स्पष्ट दिसलं."

मामा समोरच उभे होते. ते ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "बाळा, माझ्याकडे नीट बघ. मी होतो?"

"होय मामा. तुम्हीच होतात."

त्याला तसं खरंच वाटत होतं, हे मला माहीत आहे. पण उजेडाबद्दल तो खोटं बोलला, हेही मला माहीत आहे. त्याच दिवशी मामांनी आपली पिशवी भरली.

आठ महिन्यांनी शिधा आणणारा ट्रकवाला डब्यांसकट पकडला गेला. रिकामं पांढरं पोतं खांद्यावर टाकून तो आत शिरायचा. मामा निर्दोष असल्याचं पत्र निघालं, पण त्या पत्त्यावर मामा राहिलेच नव्हते. पत्र परत आलं. माझ्या जवानानं ते पाकीट हातात घेतलं आणि किती तरी वेळ नुसतं उलटसुलट केलं.

त्यानंतर सैन्यात असेपर्यंत त्यानं मला तपासल्याशिवाय एकही सही केली नाही. मुदत संपली तेव्हा कोठारावरचा कारकून म्हणाला, "ही आता कोण घेणार? जा घेऊन." अशी मी त्याच्या घरी आले.

घरी आल्यावर त्यानं काय करावं? पुस्तकं आणली! अडतिसाव्या वर्षी तो कॉलेजात पोरासोरांबरोबर बाकावर बसला. त्याची बायको इस्पितळात परिचारिका. ती दारातून हाक मारायची, "अहो विद्यार्थी, डबा राहिला!" गुन्हा कसा घडतो, तपास कसा होतो, साक्ष कुठे चुकते, निवाडा कसा फसतो, सगळं तो शिकत गेला. परीक्षांमागून परीक्षा दिल्या, प्रबंध लिहिला आणि त्याच विषयाचा प्राध्यापक झाला. आता त्याला अरेतुरे करणं बरं दिसत नाही. आता ते सर. ताठ चालतात म्हणून मुलांनी त्यांचं नाव ठेवलं कवायत सर. त्यांना ते माहीत आहे. त्यांना ते आवडतंही.

दर वर्षी पहिल्या आठवड्यात सर मला वर्गात न्यायचे. मुद्दाम उतरलेले सेल घालायचे. पडदे ओढायचे, दिवे बंद. एक माणूस वर्गातून झपझप चालत जायचा आणि सर माझं बटण दाबायचे. मग मुलांनी लिहायचं, कोण होतं? एका वर्षी प्रयोगशाळेतला मदतनीस हातात छत्री घेऊन गेला. वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलांनी लिहिलं, ग्रंथपाल! का, तर ग्रंथपालांच्या हातात बाराही महिने छत्री असते. एकानं तर त्यांच्या मिशांचंही वर्णन केलं होतं.

वर्ग खो खो हसायचा. मग सर सांगायचे, "एक जवान होता..." आणि मामांची गोष्ट सांगायचे. दहा वर्षं सांगितली. दहा वर्षं तो "एक जवान"च राहिला. आणि नोंदवही त्या गोष्टीत कधी आलीच नाही.

अकराव्या वर्षाच्या तुकडीत पहिल्या बाकावर एक मुलगी होती. फार प्रश्न विचारायची, म्हणून सर तिला वकीलबाई म्हणायचे. ती उठली. "सर, उजेड कमी होता हे त्या जवानाला कळत होतं ना? मग त्यानं चौकशीत सांगितलं का नाही?"

सरांनी फळा पुसायला घेतला. मग म्हणाले, "राहिलं असेल सांगायचं."

"एवढी मोठी गोष्ट राहते सर?"

घंटा झाली म्हणून सुटले.

घरी आल्यावर बायकोनं विचारलं, "काय हो, चेहरा का उतरलाय?" सरांनी मला टेबलावर ठेवलं आणि वहीसकट सगळं सांगून टाकलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण वहीचं त्या माउलीलाही नवीन होतं. तिनं ऐकून घेतलं.

"मामांना शोधलंत कधी?"

"अगं, सापडतील कुठे आता?"

"सापडतील अशी भीती वाटते, असं म्हणा की."

हे चांगलंच वर्मी लागलं. दुसऱ्या दिवसापासून सर शोधाला लागले. जुन्या साथीदारांना फोन, त्यांच्याकडून आणखी कुणाचे नंबर. तीन आठवड्यांत पत्ता मिळाला. मामा एका बस स्टँडजवळ मुलीच्या खानावळीत काम बघत होते.

आम्ही गेलो. मामा भाजी निवडत बसले होते. केस कापसासारखे झालेले. सरांनी मला पिशवीतून काढून टेबलावर ठेवलं. मामांनी चष्मा वर सरकवला.

"ही बॅटरी ओळखली. त्या टेबलावर माझ्यासमोर होती, हा पोचा माझ्याकडे करून. तुम्ही कोण?"

"मामा, मी... साक्ष दिली तो."

मामांचा हात थांबला. मग पुन्हा भाजी निवडायला लागला. "बसा," ते म्हणाले. "सख्ख्या भावानं दोन वर्षं दारात उभं केलं नाही मला. बायकोनं टॉवेल लपवून ठेवला. म्हणाली, खांद्यावर टाकायचा नाही पुन्हा. अजून टाकत नाही. हात पुसायला काही सापडत नाही, तर पोरगी ओरडते."

सरांनी माफी मागितली. त्या नोंदवहीबद्दलही सांगितलं. मामांनी सगळं ऐकलं.

"हे मला एकट्याला सांगून काय उपयोग? मास्तर आहात ना? पोरांना काय सांगता?"

"सांगतो, की... एक जवान होता."

"हं. मग मी येतो तुमच्या वर्गात. मागे बसेन. तुम्ही काय सांगता ते ऐकतो. माफीचं मग बघू."

मामा आले त्या दिवशी वर्गात सरांच्या मुठीत मी होते. तळहात ओला झाला होता. शेवटच्या बाकावर मामा, धुतलेला सदरा घालून.

"बॅटरीचा तास अपुरा राहिला होता," सर म्हणाले. "एक जवान..." आणि अडकले. मी मनात म्हणत होते, बोल रे, बोल. माझ्यात उजेड असता तर तेव्हा आपोआप लागले असते.

"तो जवान मी होतो."

सरांनी सगळं सांगितलं. न तपासता केलेल्या सह्या, सहीवरचं बोट, "होता साहेब, स्पष्ट दिसलं." मग वकीलबाईकडे बघून म्हणाले, "तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. राहिलं नव्हतं. घाबरलो होतो."

मागून मामा उठले. हळूहळू पुढे आले, हात पुढे केला आणि सरांनी मला त्यांच्या हातात दिलं. मामांनी माझं झाकण फिरवलं आणि उतरलेले सेल टेबलावर ओतले.

"नवे आहेत का?"

सरांनी खणातून काढून दिले. मामांनी बटण दाबलं आणि माझं तोंड स्वतःच्या चेहऱ्याकडे वळवलं. एवढा लख्ख उजेड मी कित्येक वर्षांत पाडला नव्हता. प्रत्येक सुरकुती दिसत होती.

"बाळा," ते सरांना म्हणाले, "आता नीट बघून घे."

सरांनी पाहिलं. डोळे भरले होते, तरी नजर वळवली नाही.

"माफ केलं का मामा?" कुणीतरी हळूच विचारलं.

"ते आमचं आम्ही बघू," मामा म्हणाले. "आधी वही आणा. हिची नोंद कोण करणार?"

वर्ग हसला, रडता रडता हसतात तसा. वकीलबाईनं आपल्या वहीचं पान उघडलं, मला दोनदा लावून विझवून पाहिलं आणि लिहिलं, "तपासली, ठीक." खाली सही केली.

ती वही आता माझ्या शेजारी कपाटात असते. तासाला नेण्याआधी एक विद्यार्थी मला लावून बघतो आणि खरं असेल ते लिहितो. "उजेड मंद" असंही लिहिलेलं असतं, आणि त्याबद्दल कुणी कुणाला रागवत नाही.

माझं आता वय झालंय. बटण अडकतं, काचेचा तडा लांबलाय. एक दिवस मीही लागायची बंद होईन. पण जाण्याआधी एवढंच मागते. "मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं" असं म्हणण्याआधी क्षणभर थांबा. उजेड किती होता, ते स्वतःला विचारा. कमी असेल तर कमी म्हणा. सांगताना मान खाली जाईल, जाऊ द्या. दुसऱ्या कुणाची तरी मान वर राहील.

यंदा प्रयोगाच्या दिवशी वर्गातून चालत जायला मामाच आले होते. सरांना फोन करून त्यांनीच हट्ट धरला होता. पडदे ओढले, दिवे गेले, सरांनी बटण दाबलं. सेल उतरलेलेच होते, उजेड बशीएवढाच. त्यात मला एक खांदा दिसला, आणि खांद्यावर पांढराशुभ्र टॉवेल.