जातेवेळचे निवेदन

सोमवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी प्रयोगशाळेच्या दाराने तिला ओळख दाखवली नाही. तिने कार्ड ओढणीला पुसले, पुन्हा लावले. दिवा लालच राहिला.

आत, पाण्याच्या टाकीत, तिचे काँक्रीटचे सहा ठोकळे बुडवून ठेवलेले होते. सिमेंटचा पाचवा हिस्सा काढून त्या जागी काचेची भुकटी घातली तर काँक्रीट किती भार सोसते, हा तिचा प्रबंध. ठोकळे गुरुवारी सकाळी अकरा वाजता अठ्ठावीस दिवसांचे होणार होते आणि त्याच दिवशी ते यंत्राखाली दाबून फोडायचे होते. गाईडने पहिल्याच भेटीत बजावले होते, "एकोणतिसाव्या दिवशी फोडलेत तर आकडे माझ्याकडे आणू नका. तुकडे घरी न्या, दाराला पायरी करा." नव्याने ठोकळे ओतायचे तर पुन्हा अठ्ठावीस दिवस, आणि प्रबंध द्यायला उरले होते एकवीस. म्हणजे सहा महिने पाण्यात.

दाराच्या काचेतून यंत्रचालक तिच्याकडे पाहत होता. त्याने दार बोटभर उघडले.

"कार्ड चालत नाही म्हणजे तुम्ही अजून आलेल्या नाही."

"मी समोर उभी आहे की!"

"दिसताय. पण आलेल्या नाही. आणि ज्याचे ठोकळे तो आल्याशिवाय मी यंत्राला हात लावत नाही. नोंदणीत विचारा."

नोंदणी कार्यालय समोरच्या इमारतीत, तळमजल्यावर होते. तिथे एकच बाई बसत. परदेशातून आलेले सगळे विद्यार्थी त्यांना आपसात नोंदणीबाई म्हणत. बाईंचा आवाज कधी चढत नसे आणि टेबलावर दोन पेनांखेरीज काही नसे. त्यांनी रजिस्टर काढले, पान उलटले आणि तिच्या ओळीवर बोट ठेवले.

"तुम्ही यायच्या आहात."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. दारं रजिस्टरला आजपासून जोडली, म्हणून दारालाही आज कळलं. आम्ही वाटच बघतोय."

रजिस्टरच्या शेवटच्या रकान्याचे नाव होते 'जातेवेळचे निवेदन'. कार्यालयातून निघताना विद्यार्थी जे बोलेल ते त्यात शब्दशः लिहायचे, आणि आधीच्या नोंदीशी त्याचा मेळ बसत नसेल तर शेवटचे बोलणे खरे धरायचे, असा नियम होता. पहिल्या दिवशी तिने पासपोर्ट दाखवला, चार सह्या केल्या आणि उठताना तिथल्या भाषेत नीट, व्याकरण सांभाळून सांगितले, "मी येते." बाईंनी ते लिहिले. नंतर ती ग्रंथालयाच्या अर्जासाठी आली, पत्ता बदलायला आली, फोटो द्यायला आली. सात फेऱ्या झाल्या. सातही वेळा रकान्यात 'मी येते' होते. समासात बाईंनी पेन्सिलीने शेरा मारला होता: 'उत्साही. पण येत नाही.'

तिच्या घरात कोणी 'जाते' म्हणत नसे. याचे मुख्य कारण आत्या. काका एकदा उंबऱ्यावरून "जातो" म्हणाले आणि महिन्याच्या आत त्यांची बदली झाली. दोन्ही गोष्टींचा संबंध आहे असे आत्याचे म्हणणे होते. तसा तो नाही, असे खात्याचे.

तिने हे सगळे बाईंना समजावून सांगितले. आमच्याकडे येते म्हणजेच जाते. फक्त म्हणायचे नाही.

"मग कळतं कसं?"

"माणूस चालायला लागतो ना."

बाईंनी मान डोलावली. त्यांना ते पटले असावे. त्यांनी सातही निवेदने लाल शाईने छेदली, 'आली' असा शिक्का मारला आणि सही केली. तिला इतके हायसे वाटले की बॅग खांद्याला लावता लावता ती म्हणाली, "फार उपकार झाले. येते हं."

पेन चालल्याचा आवाज आला.

"अहो थांबा, थांबा!"

"दिवसाला एकच दुरुस्ती," बाई म्हणाल्या. "उद्या या."

संध्याकाळी वसतिगृहाच्या तिच्या खोलीवर कागद चिकटवलेला होता. ही खोली ज्या विद्यार्थिनीसाठी राखली आहे ती लवकरच येत असल्याने सध्या राहणाऱ्या व्यक्तीने अर्धे कपाट व फ्रिजचा एक कप्पा रिकामा करावा. तिने तो दोनदा वाचला. मग अर्धे कपाट रिकामे केले, कारण तपासणी होते हे तिला ठाऊक होते. येणाऱ्या मुलीसाठी म्हणून व्यवस्थापकाने उशी, पांघरूण आणि नवा टॉवेल आणून ठेवला. टॉवेल तिच्या टॉवेलपेक्षा चांगला होता. तिने तो वापरला नाही.

मंगळवारी सकाळी कार्यालय उघडायच्या आधी तिने घरी फोन लावला. आई आणि आत्या एकाच फोनच्या चौकटीत दाटीवाटीने बसल्या.

"आत्या, इथे निघताना 'जाते' म्हणावं लागेल बहुतेक."

"कोण म्हणतं?"

"ऑफिस."

"ऑफिसला काय कळतंय! काकाचं काय झालं, विसरलीस?"

"वन्सं, काकांना बढती मिळाली होती," आई म्हणाली.

"बदली झाली की नाही?"

"आई, मी काय करू ते सांग ना."

"अगं, निरोप घे म्हणजे झालं. छान शब्द आहे. मी शाळेत निरोप समारंभाला तोच वापरायचे."

सल्ला बरा वाटला. नऊ वाजता बाईंनी निवेदन छेदले, शिक्का मारला. ती उठली आणि शब्दकोशात पाहून ठेवलेले वाक्य तिने म्हटले. घाईत तिने 'निरोप' या शब्दापुढचा पहिलाच अर्थ उचलला होता.

"कुणाचा?" बाईंनी विचारले.

"काय कुणाचा?"

"संदेश. तुम्ही म्हणालात, मी संदेश घेते. कुणाकडून घेणार?"

रकान्यात नोंद झाली: 'संदेशाच्या प्रतीक्षेत.' दारावरचा दिवा दुपारपर्यंत लालही दिसेना, पिवळा दिसू लागला.

"आणि मी सरळ 'जाते' म्हटलं तर?"

"तर गेलात. नाव कमी, खोली रिकामी, विमानतळाला पत्र." बाईंनी दुसऱ्या पेनाचे टोपण काढून दाखवले. त्या कामासाठी ते वेगळे होते.

या एका मुद्द्यावर कार्यालयाचे आणि आत्याचे एकमत होते.

बुधवारी ती काहीच बोलली नाही. शिक्का पडताच दोन्ही ओठ दाबून, मान लववून बाहेर पडली. दिवा हिरवा झाला. ती प्रयोगशाळेत गेली, टाकीतल्या पाण्याचे तापमान पाहिले, सहाही ठोकळ्यांवरून हात फिरवला. पाच वाजता कार्यालय बंद करायची वेळ झाली तेव्हा बाईंच्या लक्षात आले की निवेदन कोरे आहे. निवेदन कोरे, म्हणजे विद्यार्थिनी अजून कार्यालयातच आहे. पहारेकऱ्याने टेबलाखाली पाहिले, कागदांच्या कपाटात पाहिले, पडदे झटकले. सापडली नाही तरी नोंदीनुसार ती तिथेच होती, आणि जी कार्यालयात आहे ती प्रयोगशाळेत असू शकत नाही. दारावरचा दिवा पुन्हा लाल झाला.

गुरुवारी सकाळी नऊला ती खुर्चीवर होती. बाईंनी बुधवारची कोरी जागा छेदली, शिक्का मारला.

"झालं. निघा आता."

"नाही निघत."

"का?"

"निघाले की बोलावं लागतं. बोललं तरी पंचाईत, नाही बोललं तरी पंचाईत. बाई, तुम्ही चला."

"कुठे?"

"प्रयोगशाळेत. हे रजिस्टर घेऊन. म्हणजे मी तुम्हाला सोडून गेलेच नाही. कार्यालय माझ्याबरोबर आलं."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, नियमांचे पुस्तक उघडले. वाचायला त्यांना एक तास बावीस मिनिटे लागली. ती घड्याळाकडे पाहत राहिली. शेवटी बाईंनी एका कलमावर बोट ठेवले. रजिस्टर आणि ते लिहिणारी व्यक्ती जिथे एकत्र असेल ते ठिकाण कार्यालय समजावे.

"हे कुणी वापरलं नव्हतं आजवर," बाई म्हणाल्या आणि कोट घालू लागल्या.

पावणेअकराला दारावरचा दिवा हिरवा झाला. यंत्रचालकाने बाईंना ओळखून टोपी काढली आणि पुन्हा घातली, कारण आत टोपीची सक्ती होती. बाईंनाही एक पिवळी टोपी दिली. त्या स्टुलावर बसल्या, रजिस्टर मांडीवर.

अकराला पहिला ठोकळा यंत्राखाली गेला. काटा चढत गेला. सहाशे किलोन्यूटन, साडेसहाशे, सातशे दोन. मग कोपऱ्यातून चर्रकन आवाज आला आणि ठोकळा डमरूच्या आकारात फुटला.

"गेला?" बाईंनी विचारले.

"फुटला. असाच फुटायला हवा."

दुसरा सहाशे नव्वदला फुटला, तिसरा सातशे अकराला. सहाशे पंचाहत्तरच्या खाली एकही आला नाही. चौथ्यानंतर बाई आकडा यंत्रचालकाच्या आधी सांगू लागल्या. पाचव्याला त्यांनी त्याला एकदा सुधारले. त्यांचेच बरोबर होते. सहावा फुटला तेव्हा एक वाजायला चार मिनिटे होती. तिने सहा आकडे वहीत घेतले, यंत्रचालकाची सही घेतली. ती तुकड्यांच्या पिंपावर हात टेकून उभी राहिली.

बाईंनी रजिस्टर मिटले. कोटाची बटणे लावली. निघाल्या. आणि घरी आलेले माणूस उठले की घरच्यांच्या तोंडातून जे निघते तेच तिच्या तोंडातून निघाले, तेही तिथल्या भाषेत.

"या."

बाई थांबल्या. "कुठे?"

"कुठे नाही. म्हणजे... या. असंच."

"मी इथेच आहे. असलेल्या माणसाला या म्हणत नाहीत. म्हणजे मी आलेली नाही." त्यांनी उभ्याउभ्याच रजिस्टर पुन्हा उघडले आणि पहिल्यांदाच स्वतःचे नाव शोधले. ते सापडले नाही. सव्वीस वर्षांत त्यांच्या येण्याची नोंद करणारे तिथे कोणी नव्हते. त्या परत स्टुलावर बसल्या, पिवळ्या टोपीसकट.

"बाई, मला जेवायला जायचंय," यंत्रचालक म्हणाला. "दार लावायचंय."

"लावता येणार नाही. मी यायची आहे."

"मग या ना लवकर!"

"तुम्हीही तेच म्हणालात," असे म्हणून बाईंनी ते लिहून घेतले.

यंत्रचालक तिच्याकडे वळला. "हे तुमच्यामुळे."

ती बाईंसमोर जाऊन उभी राहिली. जरा विचार केला.

"बाई, आमच्याकडे आणखी एक आहे. माणूस दारातून आत आला, अगदी समोर येऊन बसला, तरी त्याला एक प्रश्न विचारतात."

"दिसत असताना?"

"दिसत असतानाच. त्याचं उत्तर देतात आणि मग पाणी देतात."

बाईंनी पेनाचे टोपण काढले. एक नवी ओळ आखली, तीत स्वतःचे नाव घातले. "विचारा," त्या म्हणाल्या.

"आलात?"

"आले," बाई म्हणाल्या.

त्यांनी ते लिहिले. वेळ घातली: एक वाजून नऊ मिनिटे. शाई वाळेपर्यंत त्या ओळीकडे पाहत राहिल्या. मग ती पाणी आणायला नळाकडे गेली आणि यंत्रचालकाने खुर्ची ओढली.