हात लागून विरलेली टोपी

मी उस्तादांची टोपी बोलतेय. फार थकलेय हो, मधेच आवाज बसला तर सांभाळून घ्या.

लष्कराच्या शिलाईखात्यात एका मावशींनी मला लाकडी ठोकळ्यावर ताणलं, पुढे काळं चकचकीत झापड बसवलं आणि दातांनी दोरा तोडला. तिथून मी थेट उस्तादांच्या डोक्यावर. उस्ताद नव्या जवानांना कवायत शिकवायचे. दिवसाला दोनेकशे सॅल्यूट, आणि दर वेळी त्यांची बोटं माझ्या उजव्या कडेला टेकायची. अकरा वर्षांत तिथलं कापड पार विरलं.

नवी तुकडी आली की उस्तादांचं ठरलेलं भाषण. "पूर्वी साहेबासमोर टोपी काढायचे. दारूगोळ्याच्या काळ्या हातांनी टोप्या खराब व्हायला लागल्या, मग म्हणे हुकूम निघाला : काढू नका, नुसता हात लावा. जहाजावरच्यांचे तळवे डांबरानं बरबटलेले, म्हणून ते तळवा खाली झाकतात. कुठं नुसती दोन बोटं लावतात. कुणी म्हणतं, चिलखतवाले तोंडावरचं झाकण उचलायचे, त्याचाच सॅल्यूट झाला. खरंखोटं कुणी पाहिलंय? आपण तळवा समोर दाखवतो. हातात काही नाही, मनातही नाही."

जवान जांभया गिळत ऐकायचे. मला तर पाठच झालं होतं.

उस्तादांना एकच लेक. तिनं आपल्या पलटणीत यावं असं त्यांना फार वाटायचं. ती गेली नौदलात, अधिकारी व्हायला. पहिल्या सुट्टीत आली ती दारातच टाचा जुळवून उभी राहिली आणि सॅल्यूट केला. तळवा खाली.

"हे काय?" उस्ताद म्हणाले. "तळवा दाखव."

"बाबा, आमच्यात नाही दाखवत."

"आता कुठलं आलंय डांबर?"

"आणि तुमच्याकडे कुठलं चिलखत?"

उस्तादांचा पारा चढला. "माझ्या घरात ही लपवालपवी चालणार नाही!"

"मग मीही चालणार नाही," म्हणत तिनं न उघडलेली बॅग उचलली. सात महिने उस्तादांनी तिचा फोन घेतला नाही. राग सगळा माझ्यावर निघायचा. सकाळ-संध्याकाळ ब्रशनं खरवडून काढायचे मला.

मग एका सकाळी, मैदानावर, साहेबांसमोर त्यांचा हात उचलला गेला आणि छातीपाशीच अडकला. बोटं माझ्यापर्यंत पोचलीच नाहीत. ते कोसळले, मी धुळीत घरंगळले. उजवं अंग गेलं होतं.

लेकीची अखेरची परीक्षा सुरू होती, म्हणून उस्तादांनीच बायकोला शपथ घातली : तिला कळवायचं नाही. निकालानंतर तिला कळलं, तेव्हा ती दीक्षान्त संचलन आटोपून गणवेशातच निघाली.

"टोपी दे," उस्ताद बायकोला म्हणाले. "आता ती अधिकारी. सॅल्यूट मी करायचा."

"अहो, पोटची पोर ती!"

"गणवेशात येतेय ना?"

"मग डाव्या हातानं करा."

"डाव्या हातानं? मी?" त्यांचा चेहरा उतरला. जन्मभर ज्या चुकीसाठी पोरांना मैदानाभोवती पळवलं, ती आता स्वतः कशी करायची?

ती आत आली. खुर्चीच्या हातावर उस्तादांची उजवी बोटं नुसतीच थरथरली. कपाळ घामानं डबडबलं. मग त्यांनी डाव्या हातानं माझं झापड धरलं आणि मला डोक्यावरून काढलं. मान खाली घातली.

लेकीला उमगलं. तिचा हात सर्रकन वर गेला, तळवा खाली, आणि तसाच राहिला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, हात हलत नव्हता.

"खाली घे आता," उस्ताद बोबड्या आवाजात म्हणाले. "दुखेल. आणि मनगट वाकलंय तुझं."

ती गुडघ्यांवर बसली. "मग सरळ करा ना, बाबा."

त्यांनी मला मांडीवर ठेवलं आणि डाव्या हातानं तिचं मनगट सरळ केलं. तळवा मात्र खालीच राहू दिला.

आता मी त्यांच्या पलंगाशेजारच्या खुंटीवर असते. व्यायाम करवून घेणाऱ्या बाई रोज येतात. उजवा हात हनुवटीपर्यंत उचलला जातो, पुढे नाही. परवा लेक म्हणाली, टोपीचं कापड बदलून आणते. मी घाबरले. बाळांनो, मला नवी करू नका. मी दमलेय. टांगलेली आहे तशी राहू द्या, फक्त खुंटी थोडी खाली घ्या. त्यांचा हात पोचेल इतकी.