दोन रेघा वर

औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत तिला सगळे ‘मिलिमीटर’ म्हणत. मापात बसल्याशिवाय ती पाणीसुद्धा गिळत नाही, अशी टिंगल चालायची. टर्नरच्या, म्हणजे लेथच्या यंत्रावर लोखंड कातायच्या, वर्गात ती पहिली आली, आणि एका मोठ्या कारखान्यानं टर्नरच्या जागेसाठी तिला चाचणीला बोलावलं.

थोरला भाऊ कारखान्याच्या फाटकापर्यंत आला होता. “आईनं सगळ्या गल्लीला सांगून ठेवलंय,” तो म्हणाला. “नापास झालीस तर घर बदलावं लागेल.”

“तूच बस की चाचणीला.”

“माझं बरं आहे. माझ्याकडून कुणाला अपेक्षाच नाही.”

आत फोरमननं प्रत्येकाच्या हातात एकेक लोखंडी गज ठेवला. तो लेथवर कातून दिलेल्या मापाला आणायचा. गज एकच, दुसरा मागायचा नाही. लेथ नवा होता. हँडल नुसत्या बोटानं फिरत होतं. तिनं घाई केली नाही. कातायचं, थांबायचं, मोजायचं. शेवटचा हात राहिला तेव्हा हिशेब सरळ होता: हत्यार अजून आत सरकवायचं ते हँडलवरच्या चार रेघा.

तिनं सहा दिल्या.

मुद्दाम नव्हे. हातच गेला. संस्थेतला लेथ इतका ढिला झालेला, की हत्यार लोखंडाला टेकलं की मागे सरायचं. म्हणून सर पहिल्याच दिवशी सांगत, “हिशेब काहीही येऊ दे, दोन रेघा वर द्यायच्या. तरच माप येतं.” शेजारच्या खोलीत नवाकोरा लेथ होता, पण प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला. पाहुणे आले की प्लास्टिक निघे, फोटो होत, पुन्हा प्लास्टिक चढे. “बिघडला तर जाब मला विचारतील,” सर म्हणत, आणि ते खोटं नव्हतं. दोन वर्षं ती दोन रेघा वर देत आली. पुढे पुढे ते तिच्या लक्षातही येईनासं झालं.

लोखंडाचा कीस जाड निघाला तेव्हाच तिनं मशीन थांबवून मोजलं. गज मापापेक्षा बारीक झाला होता.

फोरमननं मोजलं. “दोन रेघा वर दिल्यास ना?”

“तुम्हाला कसं कळलं?”

“त्या संस्थेची सगळीच पोरं देतात.”

“काका, एकच गज द्या. आता मशीन कळलंय मला.”

“कळलं असेल गं. पण हाताला कळायला महिना जाईल. आधी शिकलेलं विसरायला लावा, मग नवं शिकवा, एवढी सवड इथं कुणाला आहे?” त्यानं गज भंगाराच्या पेटीत टाकला. “पॅकिंगमध्ये मुली हव्यात. खोकी भरायची. येतेस?”

तिला गल्ली आठवली. “येते,” ती म्हणाली.

फाटकाशी भावानं विचारलं, “काय गं, झालं?”

“लागले.”

त्यानं तिथूनच आईला फोन लावला. त्याला थांबवायच्या ऐवजी ती पुढे चालू लागली.

संध्याकाळी सरांचा फोन आला. “शाब्बास! एक फोटो पाठव. भिंतीवर लावतो, नव्या पोरांना हुरूप येईल.”

“सर, पॅकिंगला लागलेय.”

“कंपनी तीच ना? मग झालं तर.”

तिनं फोटो पाठवला नाही. सरांनी प्रवेश अर्जावरचा काढून लावला आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलं: टर्नर.